कसर राहिली, कपाट पाहणे

सरोज जाऊन दहा महिने झाले तरी पोस्टमन तिच्याच नावाने हाक मारायचा. "सरोजबाई राऊळ!" असं ओरडून झालं की त्याला आठवायचं. मग तो जीभ चावायचा, पत्र खिडकीच्या गजातून आत सरकवायचा आणि पळ काढायचा. सहदेवला त्याचा राग येत नसे. उलट सुट्टीच्या दिवशी त्या हाकेसाठी तो दार उघडं ठेवून बसायचा. त्याला स्वतःला आयुष्यात कोणी पत्र लिहिलं नव्हतं. लिहिणार कोण, आणि काय?

डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत तो बॉयलर सांभाळायचा. सरोज शाळेत शास्त्र शिकवायची. लग्न झालं तेव्हा ती मॅट्रिक आणि तो सातवी. पुढे तिने डी.एड. केलं, बाहेरून आणखी परीक्षा दिल्या, आणि तो सातवीवरच राहिला. मूलबाळ झालं नाही. संसारात दोघांनी कामं वाटून घेतली होती. तो बोलायचा, ती दुरुस्त करायची. "अहो, 'आनी' नाही, 'आणि'." "वटवाघूळ पक्षी नव्हे. पिल्लांना दूध पाजतं ते." "कोळी म्हणजे किडा नव्हे. आठ पाय आहेत त्याला, मोजा हवं तर." तो मोजायचा. आठ भरायचे. तीस वर्षं तो चुकत राहिला आणि ती सुधारत राहिली, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

आता दहा महिन्यांत त्याचं एकही वाक्य चुकलं नव्हतं. घरात काहीही बोललं तरी ते बरोबरच ठरायचं. एकदा त्याने मुद्दाम मोठ्याने म्हणून पाहिलं, "देवमासा हा एक मासा आहे." भिंतीवरची पाल चुकचुकली, तेवढंच.

डिसेंबरात एका शुक्रवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, पोस्टमनने हाक मारली, जीभ चावली आणि एक कार्ड टाकलं. नौपाड्याच्या निसर्गसखी मंडळाचं. सरोज त्या मंडळाची सभासद होती. दरवर्षी जानेवारीत मंडळाच्या एका बाईने व्याख्यान द्यायचं, आणि त्यात एक परका जीव आणि एक घरचा जीव घेऊन त्यांची तुलना करायची, असा तिथला रिवाज होता. या वर्षीची पाळी सरोजची होती. कार्डावर लिहिलं होतं:

'कै. सौ. सरोजताई राऊळ यांचे "धोक्यातला पिशवीवाला प्राणी आणि धोक्यातला पतंग : एक तुलना" हे व्याख्यान त्यांच्या निधनामुळे होऊ शकत नाही. त्या वेळेत "नाचणीचे सात प्रकार" हे प्रात्यक्षिक ठेवले आहे. आपली संमती गृहीत धरीत आहोत. कलावती देवस्थळी, चिटणीस.'

सहदेवने ते तीनदा वाचलं. नाचणीशी त्याचं वैर नव्हतं. तो मूळचा कुडाळकडचा, नाचणीच्या भाकरीवरच वाढलेला. पण 'गृहीत धरीत आहोत' हे शब्द त्याला खटकले. बॉयलरवर काही गृहीत धरायचं नसतं. पाणी आहे असं गृहीत धरलं की माणूस छपरातून बाहेर जातो. बाहेरच्या काचेच्या नळीत पाणी दिसतंय का ते स्वतः उठून बघायचं असतं.

तो उठला, शर्ट चढवला आणि नौपाड्याला गेला.

कलावतीबाई साठीच्या, ताठ, चष्म्याला साखळी लावणाऱ्या. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चेहरा दुःखी केला.

"फार मोठी पोकळी निर्माण झाली हो राऊळ."

"ती नाचणीने भरणार का?"

"अं?"

"व्याख्यान होणार," सहदेव म्हणाला. "तुमच्या पत्रिकेत गेल्या वर्षीच नाव छापलंय तिचं. आमच्या घरी आहे पत्रिका. छापलेलं नाव पुसायचं नाही."

"अहो, पण देणार कोण?"

याचा विचार सहदेवने केला नव्हता. ठाणे स्टेशनापासून इथवर चालत येताना त्याने फक्त रागाचा विचार केला होता.

"मी," तो म्हणाला.

कलावतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. "आपलं शिक्षण?"

"बॉयलर अटेंडंट. सेकंड क्लास."

"सेकंड क्लास म्हणजे बी.एस्सी.ला?"

"बॉयलरला."

"सरोजताईंनी काही लिहून ठेवलंय का?"

"वही आहे."

"वाचलीत तुम्ही?"

"नाही," सहदेव म्हणाला. वही टेबलाच्या खणात होती आणि तो खण त्याने दहा महिन्यांत उघडला नव्हता. ते बाईंना सांगायची गरज नव्हती. पण त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा आवाज मऊ झाला.

"अकरा जानेवारी. शुक्रवारच आहे. चाळीस मिनिटं मिळतील. पण राऊळ, आमचे सल्लागार हरिहरपंत पहिल्या रांगेत असतात. ते प्रश्न विचारतात."

"विचारू देत."

"सर्वांनाच विचारतात. गेल्या वर्षीच्या बाई रडल्या होत्या."

घरी येऊन त्याने खण उघडला. दोनशे पानी वही, खाकी कव्हर, वर लेबल. सरोजचं अक्षर फळ्यावर असायचं तसंच कागदावर, एकाही वेलांटीची कुचंबणा न करणारं. पहिली चार पानं भरलेली होती. ती पिशवीवाल्या प्राण्याची. तिची एक जुनी विद्यार्थिनी मेलबर्नला होती, तिने पाठवलेली इंग्रजी कात्रणं वहीत टाचलेली होती आणि खाली सरोजने मराठीत उतरवलं होतं.

प्राण्याचं नाव डोंगरी पॉसम. दिसायला उंदरासारखा, पण उंदीर नव्हे. इथे सरोजने 'नव्हे'खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि कंसात लिहिलं होतं, 'ह्यांना सांगणे'. सहदेवने मान डोलावली. बरं, उंदीर नव्हे. मादीच्या पोटाला पिशवी, तिच्यात पिल्लं वाढतात. बर्फाच्या डोंगरावर राहतो, थंडीचे कित्येक महिने गुरफटून झोपतो. आधी तो लोकांना फक्त जुन्या हाडांवरून माहीत होता. सगळे म्हणायचे, हा प्राणी जगातून गेला. मग १९६६ साली बर्फात खेळायला आलेल्यांच्या एका झोपडीत तो जिवंत सापडला.

सहदेवने ते वाक्य पुन्हा वाचलं. गेला म्हणून सोडून दिलेला, आणि एक दिवस घरात सापडला. मग त्याने पान उलटलं.

चौथ्या पानावर भुयाराची हकीगत होती. ह्या पॉसमच्या माद्या डोंगरावर वरती राहतात आणि नर खाली. हंगामात नर चढून माद्यांकडे जातात. मध्ये माणसांनी रस्ता बांधला, तेव्हा नरांची वाट तुटली. मग तिथल्या सरकारने रस्त्याखालून एक भुयार केलं, आत डोंगरातल्यासारखे दगड टाकले, आणि नर त्यातून जाऊ लागले.

"आयला," सहदेव रिकाम्या घराला म्हणाला. "उंदरांना सबवे. आनी आपल्याला एक रेल्वेचं फाटक ओलांडायला अर्धा तास."

कोणी म्हणालं नाही, उंदीर नव्हे. कोणी म्हणालं नाही, आणि.

पाचव्या पानावर मथळा होता, 'पतंग', ठळक, खाली रेघ. आणि त्याखाली एकच ओळ:

'कसर राहिली. कपाट पाहणे.'

पुढची सगळी पानं कोरी.

सहदेवने बराच विचार केला. पतंग म्हणजे नुसता उडवायचा नव्हे, ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारा किडाही पतंगच, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तेव्हा घरचा जीव म्हणून तिने कसर घेतली होती, हे उघड होतं. कपड्यांना लागते ती कसर. इतर सगळे पतंग नाहीसे झाले असतील आणि कसर तेवढी राहिली असेल. आणि ती बघायची कुठे, तेही बाईने लिहून ठेवलं होतं. कपाटात.

घरात कपाट म्हणावं असं एकच होतं. आतल्या खोलीतलं, लोखंडी, तिच्या साड्यांचं.

त्याची किल्ली देव्हाऱ्यामागे होती. सरोजची धाकटी बहीण मालन दर महिन्याला कल्याणहून यायची आणि ती किल्ली मागायची. "भाऊजी, साड्या अशा कोंडून ठेवू नयेत. वापरात आल्या पाहिजेत. ताईला आवडलं असतं." सहदेव दर महिन्याला म्हणायचा, "बघू." मालन वाईट नव्हती. पण 'वापरात' म्हणताना तिचे डोळे कपाटावर असे ठरायचे की त्याला वाटायचं, दार आरपार दिसतंय हिला.

आता मात्र खुद्द सरोजनेच लिहून ठेवलं होतं. त्याने किल्ली काढली.

कपाट उघडल्यावर त्याला ज्याची भीती होती तेच झालं. तिचा वास आला. तो पलंगावर बसला आणि थोड्या वेळाने उठला. वास होता, पण एक वास नव्हता. डांबराच्या गोळ्यांचा. सरोज दर दिवाळीला मलमलीच्या चिंधीत गोळ्या बांधून सहा पुरचुंड्या करायची आणि कप्प्याकप्प्यात ठेवायची. गेल्या दिवाळीला त्या कोणी बदलल्या नाहीत. सहाही पुरचुंड्या गाठ मारलेल्या जागच्या जागी होत्या आणि सहाही रिकाम्या. गोळ्या उडून गेलेल्या.

मग त्याने शाल काढली. शाळेने पंचवीस वर्षं झाली म्हणून तिला दिलेली, लोकरीची, डाळिंबी रंगाची. ती त्याने उजेडात धरली तर समोरची खिडकी दिसली, पंचवीसएक ठिकाणी.

कसर होती. सरोजने सांगितलं तिथेच होती.

दोन-तीन फिकट, गव्हाच्या कोंड्याएवढे पतंग शालीतून निघाले आणि उजेड बघून अंधारात पळाले. हे त्याला नवीन होतं. पतंग दिव्यावर झेप घेतो म्हणतात, हे तर दिवा दिसला की तोंड लपवत होते. आणि शालीच्या घडीत तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक बारीक पिशव्या होत्या. एक पिशवी चालत होती. सहदेवने चष्मा लावला. पिशवीच्या तोंडातून एक अळी डोकं काढायची, दोन पावलं टाकायची आणि घर ओढून घ्यायची. पिशवी शालीच्याच लोकरीची. डाळिंबी.

सहदेव उभाच राहिला. इकडे पोटाला पिशवी, तिकडे अंगावर पिशवी. केवढी जमवून आणली होती तिने तुलना! आणि चार ओळी लिहून ठेवायच्या सोडून एकाच ओळीत गुंडाळली, कारण तिला ठाऊक होतं, हा उठेल आणि स्वतः बघेल.

त्याने लोणच्याची रिकामी बरणी धुतली, झाकणाला भोकं पाडली आणि तीन पिशव्या आत टाकल्या. खायला काय द्यायचं? शालीचा तुकडा कापायला हात होईना. त्याने स्वतःची हिरवी माकडटोपी घेतली आणि तिचा एक कान कापून बरणीत टाकला.

पुढच्या शुक्रवारी मालन आली. कपाट उघडं बघून तिला आनंद झाला आणि शाल बघून तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! कसर लागली की हो! तरी मी ओरडत होते. थांबा, आत्ता खाली जाऊन डांबरगोळ्या आणते."

"नको."

"नको काय? पैठणीपर्यंत जाईल ती!"

"अकरा जानेवारीपर्यंत हात लावायचा नाही. मग बघू. धोक्यात आहे ती."

"कोण?"

"कसर."

मालनने त्याच्याकडे नीट पाहिलं. "भाऊजी, जेवता ना वेळेवर?"

सहदेवने तिला वही दाखवली. मालनने पाचवं पान वाचलं, बरणी वाचावी तशी न्याहाळली आणि हळू आवाजात म्हणाली, "कसर धोक्यात नाहीये. साड्या धोक्यात आहेत. आणि आता मला वाटतं, तुम्ही पण."

"ताईने लिहिलंय तुझ्या."

"ताईने कसर पाळायला सांगितली?"

"व्याख्यान द्यायला सांगितलंय. बघितल्याशिवाय कसं देणार?"

मालन पाय आपटत गेली. पण जिना अर्धा उतरून परत आली आणि म्हणाली, "निदान पैठणी तरी वेगळ्या पिशवीत ठेवा." मग पिशवी या शब्दावर दोघांनाही हसू आलं, आणि ते लपवायला ती पुन्हा निघाली.

कंपनीत काळुराम नावाचा एक फिटर होता, जवळच्याच गावचा. डबा खाताना सहदेवने त्याला व्याख्यान म्हणून दाखवलं. काळुरामने भुयारापर्यंत ऐकलं आणि विचारलं, "नर खाली नि मादी वर, का? भांडान झाला काय त्यांचा?"

"नाही रे. तसेच राहतात ते."

"मंग बायकोला भेटाला यवरा डोंगर चढाचा?"

"हो."

काळुरामने विचार केला. "चांगला हाय," तो म्हणाला. "पन कसरीचा काय सांगनार? ती तं आमच्या सासूच्या घरानपन हाय. तिला ऐकाला ठान्याला कशाला जाचा?"

हा प्रश्न खरा होता. सहदेव रोज संध्याकाळी बरणीसमोर बसू लागला. अडलं की सरोजच्या शाळेत जाऊन तिच्या जागी आलेल्या नव्या शास्त्राच्या बाईंना विचारायचा. बाई चांगल्या होत्या, पण तो काहीही म्हणाला तरी त्या "अगदी बरोबर, काका" म्हणायच्या. त्याला हुरूप यायचा नाही. तरी त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून तो शाळेच्या पायरीवरच थांबला.

नववर्ष लागलं आणि बरणीत चमत्कार झाला. एका अळीने आपली पिशवी वाढवली होती. मधला भाग डाळिंबी, दोन्ही टोकांना हिरवी किनार. शालीची पिशवी, तिला माकडटोपीची काठपट्टी. सहदेवने ती भिंगातून पाहिली, मग भिंग पुसून पुन्हा पाहिली.

अकरा जानेवारीला मंडळाच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. संक्रांत तीन दिवसांवर असल्यामुळे बायका रेशमी साड्यांत, वर शाली. पत्रिकेत 'पतंग' वाचून एक आजोबा मांजा कसा करावा ते ऐकायला आले होते. त्यांना कोणी निराश केलं नाही. मागच्या रांगेत मालन बसली होती, पर्स घट्ट धरून. पहिल्या रांगेत हरिहरपंत. गळ्यात तपकिरी मफलर, मांडीवर वही.

सहदेवने सरोजची वही उघडली आणि चार पानं जशीच्या तशी वाचली. एकही 'आनी' केलं नाही. तिच्या अक्षरात 'आणि' इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की चुकायला जागाच नव्हती. भुयारापाशी बायका हसल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ गं, आणि आमच्याकडे हे खालच्या मजल्यावरून दूध आणत नाहीत."

मग त्याने वही मिटली.

"आता पतंग," तो म्हणाला. "घरचा जीव. कसर."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कलावतीबाईंनी चष्मा लावला.

"पॉसमला पिशवी आयती मिळते. आईची. कसरीला मिळत नाही. तिची आई अंडी घालते आनी मरते. मग अळी आपली पिशवी आपणच विणते. ज्यात राहते त्याचीच विणते. लाल कपड्यात लाल, हिरव्यात हिरवी. तुमच्या घरात भिंतीवर भोपळ्याच्या बीएवढी राखाडी पिशवी सरकताना बघितली असेल. ती हिची चुलत बहीण. ती धुळीतच राहते म्हणून राखाडी."

"हो हो!" दोन-तीन बायका म्हणाल्या. "आमच्या मोरीच्या भिंतीवर आहे!"

"पण ती धोक्यात कशी?" हरिहरपंतांनी बसूनच विचारलं.

"पूर्वी घरोघरी लोकर होती, रेशीम होतं. आता टेरिलीन आलं, नायलॉन आलं. ते काय खाणार ती? आनी जिथे लोकर आहे तिथे डांबरगोळ्या. आमच्या घरी तर मेव्हणी आहे."

मागच्या रांगेत पर्स आपटल्याचा आवाज झाला.

हरिहरपंत उभे राहिले. गेल्या वर्षीच्या बाई जागेवरच खाली वाकल्या.

"महाशय, आपल्या विवेचनात मूलभूत प्रमाद आहे. कसर हा पतंगच नव्हे. कसर म्हणजे रुपेरी रंगाचा, तुळतुळीत, पुस्तकांत धावणारा कीटक. त्याला पंख नसतात. तो उडत नाही."

"ती पुस्तकातली," सहदेव म्हणाला. "ही कपड्यातली. ही उडते."

"कसर उडत नाही!"

"बघा तर," असं म्हणून सहदेवने बरणी टेबलावर ठेवली. आत एका पिशवीतून सकाळीच पतंग निघाला होता आणि टोपीच्या कानाखाली लपला होता.

"दाखवा इकडे," हरिहरपंत म्हणाले. त्यांनी बरणी उचलली, डोळ्यांजवळ नेली, हलवली. "यात मला फक्त मळकी लोकर दिसते." आणि शंकेला जागा राहू नये म्हणून त्यांनी झाकण फिरवलं.

पतंग निघाला. त्याने हॉलमधल्या चार ट्यूबलाइट बघितल्या, घाबरला आणि जवळात जवळ जो अंधार होता त्यात शिरला. तो अंधार हरिहरपंतांच्या मफलरमध्ये होता.

"उडाली!" मांजावाले आजोबा ओरडले.

मग जे झालं ते निसर्गसखी मंडळात पूर्वी कधी झालं नव्हतं. हॉलभरच्या बायकांनी एका क्षणात शाली काढून झटकल्या. "माझी कांजीवरम!" "सरक गं, त्यांच्याजवळ नको!" हरिहरपंतांभोवती सहा फुटांचं रिकामं रिंगण झालं आणि त्यात ते मफलर सोडवत गोल फिरत होते. "काढा मला! म्हणजे हिला! हिला काढा!" मालन उठली, तरातरा पुढे आली, मफलर ओढून काढला आणि दाराबाहेर नेऊन सराईत हाताने असा झटकला की पायरीवरचं कुत्रं उठून गेलं. परत येऊन ती म्हणाली, "उडते. आमच्या घरची आहे, मला माहीत आहे."

सगळे हसत हसत जागेवर बसले. हरिहरपंतांनी वहीत काहीतरी खोडलं. सहदेवने बरणीला झाकण लावलं.

"शेवटचा मुद्दा. शाळेतल्या नव्या बाईंनी सांगितलेला," तो म्हणाला. "ह्या पतंगाला तोंड नसतं. म्हणजे असतं, पण खाण्यासारखं नसतं. मोठा झाल्यावर तो काहीच खात नाही. खायचं ते आधीच खाऊन झालेलं असतं. तेवढ्यावर उरलेले दिवस काढायचे." तो थांबला. पुढे काहीतरी म्हणायचं होतं, पण ते त्याला सापडेना. "झालं," तो म्हणाला. "हे व्याख्यान सरोज राऊळ यांचं होतं."

टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. तिळगूळ वाटला. मांजावाले आजोबा म्हणाले, असं व्याख्यान आजवर झालं नाही.

लोक पांगल्यावर कलावतीबाई त्याच्याकडे आल्या. "छान झालं हो. पण एक विचारू? मला सरोजताई वेगळ्याच पतंगाचं म्हणाल्या होत्या असं आठवतं."

"नाही नाही. लिहिलंय तिने," असं म्हणून सहदेवने त्यांना पाचवं पान दाखवलं.

बाईंनी वाचलं. एकदा, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू दोन्ही एकाच दारातून बाहेर यायला बघू लागलं.

"राऊळ," त्या म्हणाल्या, "कसर राहिली म्हणजे, भर घालायची राहिली. अर्धं काम उरलं, असं. आणि कपाट म्हणजे... या इकडे."

हॉलच्या कोपऱ्यात काचेचं कपाट होतं. मंडळाच्या पुस्तकांचं. बाईंनी एक जाड पुस्तक काढलं. त्यात कागदाची चिठ्ठी होती, तेच अक्षर: 'येऊरच्या जंगलातला मोठा पतंग. दोन्ही पंख पसरले की वीतभर. पूर्वी दिसायचा, हल्ली फार कमी. हाच घ्यावा. पुढल्या वेळी पुस्तक घरी नेणे.'

सहदेव चिठ्ठीकडे बघत राहिला. पाच आठवडे तो बरणीसमोर बसला होता. माकडटोपीचा एक कान गेला होता. पन्नास माणसांसमोर, चाळीस मिनिटं, खुद्द तिचं नाव घेऊन तो साफ चुकला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"अहो, मनाला लावून घेऊ नका..."

"नाही हो. चुकलं!" आणि तो हसायला लागला. इतका हसला की दारात थांबलेली मालन आत धावत आली. तो डोळे पुसायचा आणि पुन्हा हसायचा. "मालन, ताई म्हणते, चुकलं! पूर्ण चुकलं! सगळं पहिल्यापासून करा म्हणते!"

मालनने चिठ्ठी वाचली. मग तिने पर्समधून रुमाल काढला. रुमालाबरोबर कागदाची एक पुडीही बाहेर पडली आणि फुटली, आणि पांढऱ्या गोळ्या टणटण करत हॉलभर पसरल्या. तिघंही खाली वाकून वेचू लागले.

"ह्या गोळ्या घरच्या कपाटात टाकल्या तर चालतील ना आता?" मालनने जमिनीवरूनच विचारलं. "अकरा तारीख झाली."

"टाक. साड्या पण ने. तुला हव्या त्या ने." तो खुर्चीखालची गोळी काढत होता. "शाल राहू दे. तिच्यात गोळ्या नकोत."

"भाऊजी, शाल जाईल."

"त्यांना तोंड आहे तोवर खाऊ दे."

कलावतीबाई खुर्चीला धरून उठल्या, हात झटकले आणि चिटणीसाच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या जानेवारीत नाचणी ठेवायचं नक्की झालंय."

"किती प्रकार?" सहदेवने विचारलं.

"सात."

"सहा करा. एकाचा वेळ मला. आमची कसर राहिली आहे."